दाणा कुठाय?

भाऊजींना बसता येत नाही. पाय दुखतात वगैरे काही नाही, पाय चांगले घोड्यासारखे आहेत; माणसालाच बसवत नाही. माझ्या ताईच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि ती अजून सांगते की नवरा जेवायला बसला आणि जेवण संपेपर्यंत बसून राहिला असं तिने चार वेळासुद्धा पाहिलेलं नाही. एक घास, मग खिडकी. दुसरा घास, मग दारात कोण आलंय ते बघायचं, कोणी आलेलं नसलं तरी. लोकांच्या पायाला भिंगरी लागते ती गावोगाव फिरायला. भाऊजींना ती दहा बाय बाराच्या खोलीत लागते.

आमचं दुकान एकच, पण त्याचे भाग दोन. पुढच्या भागात मी फ्रेमा करते: लाकडाच्या पट्ट्या, काचा, पुठ्ठे, करवत आणि सगळ्यांवर भुसा. मागे एक दार आहे, दारामागे जाड काळा पडदा, आणि पडद्यापलीकडे भाऊजींची डार्करूम. ते स्वतः फोटो काढत नाहीत. दुसऱ्यांनी फिल्मवर काढलेले फोटो ते कागदावर उतरवून देतात, हाताने, एकेक करून. हे काम करणारे आता शोधून सापडत नाहीत. त्यामुळे शहरातले जे तीन फोटोग्राफर अजून फिल्मचा हट्ट धरून बसलेत, ते तिघेही आमच्याकडे येतात आणि भाऊजींना मास्तर म्हणतात.

तिघांची तोंडं तीन दिशांना. पहिल्याला मी वादळ म्हणते. तो भर रस्त्यात चालता चालता कॅमेरा कमरेशी धरून, न बघताच फोटो काढतो. जमीन तिरकी, माणसांची डोकी कापलेली, निम्मं हललेलं. निगेटिव्हवर धूळ असो की ओरखडा, त्याचं म्हणणं एकच: "राहू द्या मास्तर, रस्त्यावर धूळ असायचीच." दुसरी मांडणीवाली. ती घरातल्याच माणसांना खोलीत बसवून फोटो काढते, आणि एका फोटोला तीन दिवस लावते. खुर्ची इंचभर डावीकडे, पडद्याची चुणी सरळ, सासूबाईंचा हात मांडीवर, नको, हात टेबलावर. तिच्या प्रिंटवर सुईच्या टोकाएवढा ठिपका राहिला तरी ती आठवडाभर बोलत नाही. तिसरी लांबची. लांबची म्हणजे नात्याने नव्हे. ती लांबून फोटो काढते: ओसाड मैदानं, बंद पडलेले कारखाने, कोरड्या खाणी. आणि त्या सगळ्या पसाऱ्यात कुठेतरी एक माणूस उभा असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो सापडेपर्यंत फोटो नुसता रिकामा वाटतो. सापडला की मग नजर तिथून हलत नाही.

आम्ही त्याला दाणाच म्हणायचो. नवा प्रिंट वाळत टांगला की मी विचारायचे, "दाणा कुठाय?" आणि भाऊजी म्हणायचे, "शोध की. डोळे काय नुसते रागाने बघायला दिलेत?"

एकदा तिघेही एकाच वेळी दुकानात आले आणि भांडण जुंपलं. वादळ मांडणीवालीला म्हणाला, "तुझ्या फोटोतल्या माणसांना श्वास घ्यायची परवानगी असते का ग?" ती म्हणाली, "तुझ्या फोटोत माणसं असतात होय? मला वाटलं नुसती कोपरं असतात." मग दोघं मिळून लांबचीवर घसरले, की हिचा माणूस बघायचा तर दुर्बीण सोबत द्यावी लागेल. ती बिचारी हसली आणि दारापर्यंत मागे सरकली. माणसांतसुद्धा ती अंतर राखूनच उभी राहते. शेवटी वादळाने भाऊजींना विचारलं, "मास्तर, तुम्ही सांगा, खरी स्टाइल कोणाची?"

"मला काय विचारता," भाऊजी येरझाऱ्या घालत म्हणाले. "मी मधे नाही. तुझा प्रिंट बघून लोकांना तू दिसला पाहिजेस, हिचा बघून ही. कुठेही मी दिसलो, तर त्या दिवशी मला हाकला."

हे त्यांचं ब्रीद होतं, आणि ते खरंही होतं. वादळाच्या प्रिंटवर ते धुळीचा कण हलवायचे नाहीत, मांडणीवालीच्या प्रिंटवर एकही राहू द्यायचे नाहीत. निगेटिव्हवर धूळ बसली तर कागदावर तेवढा पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशने, आजूबाजूच्या राखाडी रंगात रंग मिळवून भरून काढायचा. भाऊजींनी भरलेला ठिपका परत त्यांनासुद्धा सापडायचा नाही, इतका हात बेमालूम.

हे सगळं बिनसायला सुरुवात झाली ती माझ्या फ्रेमेवरून.

उन्हाळा सुरू झाला होता. एका सकाळी भाऊजी फ्रेम घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "ही पट्टी वाकडी कापलीस." मी बावीस वर्षं पट्ट्या कापतेय, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मी आधीच कबूल करते. मी सुताराचा गुण्या लावून दाखवला. कोपरा काटकोनात, केसभर फरक नाही. तर म्हणतात कसे, "गुण्याच वाकडा असेल." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि समोरच्या इमारतीकडे बघत, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "त्या खिडक्या सरळ आहेत का ग?"

माझा राग जागच्या जागी विरघळला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे चौकटींचा एक कागद धरला. उजव्या डोळ्याने त्यांना मधल्या रेघा वाकलेल्या दिसल्या आणि बरोबर मधोमध एक मळकट डाग. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर बिघाड होता. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती. "गेलंय ते परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "उरलंय ते इंजेक्शनने बरंच टिकवता येईल. पण आठवड्याच्या आत सुरू करा."

बाहेर पडल्यावर भाऊजी इतक्या जोरात चालायला लागले की मला धावावं लागलं. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "प्रदर्शन होऊ दे." तिघांचं मिळून मोठं प्रदर्शन ठरलं होतं, सहा आठवड्यांवर. "तोपर्यंत कोणाला बोलायचं नाही. ताईला तर नाहीच."

"सहा आठवडे? आठवड्यात सुरू करा म्हणाल्या त्या. कान पण गेले का?"

"डोळ्यात सुई घेतल्यावर मी चार दिवस कामाला उभा राहू शकेन का? आणि या तिघांना कळलं तर? ज्याला दिसत नाही त्याच्याकडे कोण प्रिंट करायला येईल?"

मी गप्प बसले. चुकलंच माझं. पण त्यांचा चेहरा बघितला असता तर कोणीही गप्प बसलं असतं. ज्या माणसाला बसवत नाही, त्याला काम गेलं की बसावंच लागणार होतं. त्याची भीती त्यांना डोळ्यांहून जास्त होती.

मग ते पाच आठवडे. ताईला चुकवायचं, तिघांना चुकवायचं, ताकाला जाऊन भांडं लपवायचं. भाऊजी मान तिरकी करून, नजरेच्या कडेने काम करायला शिकले. फोटो धुवायच्या औषधाच्या पाण्याचं तापमान मला वाचायला सांगायचे. पूर्वी ओला प्रिंट बघायला एकदाच बाहेर यायचे, आता दहादा यायचे, रस्त्यावर उन्हात जाऊन उभे राहायचे, परत यायचे आणि मला विचारायचे, "काळं पुरेसं काळं आहे ना?" इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणायचे. रोज वाटायचं, आज ताईला सांगून टाकावं. रोज मी पट्ट्या कापत राहिले आणि डोळ्यातला एकेक दिवस जात राहिला.

एके दिवशी सकाळपासून त्यांनी मांडणीवालीच्या सात प्रिंटांवरचे ठिपके भरले. ती स्वतः आली, नाक कागदाला लावून बघितलं, चक्क "छान" म्हणाली आणि प्रिंट घरी घेऊन गेली. त्याच झपाट्यात भाऊजींनी लांबचीचा मोठा प्रिंट घेतला. पुढे भलंमोठं मैदान, त्यामागे कारखान्याची लांबच लांब भिंत, वर नुसतं आभाळ. संध्याकाळच्या आत फ्रेम करून द्यायचं होतं. मी काच पुसता पुसता विचारलं, "दाणा कुठाय?"

"तो काय, भिंतीपाशी."

भिंतीपाशी एक काळं, उभं काहीतरी होतं. मी मान डोलावली आणि काच बसवली.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना मी लांबचीची निगेटिव्ह परत द्यायला पाकिटात भरत होते. सोबत त्या फिल्मचा नमुन्याचा कागद होता, ज्यावर सगळे फोटो ओळीने, निगेटिव्हच्याच आकारात छापलेले असतात. मैदानाचे सहा फोटो होते. सहज म्हणून मी भिंग लावलं. भिंतीपाशी ते काळं उभं होतं, सहाही फोटोंत एकाच जागी. तो खांब होता. आणि मैदानात एक पांढरा ठिपका होता. पहिल्या फोटोत तो डाव्या कडेला होता, दुसऱ्यात थोडा आत, तिसऱ्यात आणखी आत, आणि पाचव्यात, म्हणजे आम्ही मोठा केला त्याच फोटोत, मैदानाच्या मधोमध. धूळ चालत नाही.

मी भाऊजींना हाक मारली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मान तिरकी केली, सरळ केली, परत तिरकी केली. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून शेवटी मीच बोलून सांगितलं: तुम्ही ठिपका म्हणून भरलात तो माणूस होता, पांढऱ्या शर्टातला.

"सकाळपासून मांडणीवालीचं करत होतो," ते म्हणाले. "हात त्याच नादात होता. साफ करण्याच्या."

"हात नाही, भाऊजी. डोळा."

"हळू बोल." त्यांनी पडदा ओढला, सोडला, परत ओढला. "हे बघ, फ्रेम लागलीय भिंतीवर. तिने स्वतः लावून घेतलीय. काही बोलली का? नाही ना? मग झाकली मूठ राहू दे."

माझा तोल गेला. "तुम्ही म्हणायचात ना, मी मधे नाही? आता तुम्ही मधे आलात! त्या माणसाला ढकलून त्याच्या जागेवर जाऊन उभे राहिलात!"

ते चपला घालून निघून गेले. प्रदर्शनाचा हॉल आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. नंतर तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं, की मास्तर त्या दिवशी चार वेळा आले, एका फोटोपुढे उभे राहिले आणि काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. ताई मला विचारत होती, "यांना झालंय काय? पाणीसुद्धा चालता चालता पितात." मी म्हणाले, प्रदर्शनाची काळजी. खोटं बोलायचीही सवय लागते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आठला ते माझ्या दारात हजर. दाढीसुद्धा अर्धवट. "चल," म्हणाले. वाटेत त्यांनी दोन वेळा परत फिरायचा विचार केला, आणि दोन्ही वेळा मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

हॉलमध्ये तिघे आपापल्या भिंतीपाशी होते. वादळ शिडीवर, मांडणीवाली जमिनीपासून फ्रेमांची उंची मोजत, लांबची तिच्या भिंतीपासून पंधरा पावलं मागे. भाऊजी थेट तिच्याकडे गेले.

"त्या मैदानातला माणूस मी पुसला," ते म्हणाले. "धूळ समजून."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "माहीत आहे, मास्तर."

"केव्हापासून?"

"फ्रेम लावली तेव्हाच दिसलं. म्हणजे, दिसलं नाही तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"महिन्यापूर्वी तुम्ही मला प्रिंट दाखवून विचारलंत, बरोबर आलाय ना. तुम्ही कधी विचारता का? तेव्हाच मला शंका आली." तिने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. "मी बोलले असते तर तुम्ही काम सोडलं असतं. मग मी कोणाकडे जाऊ?"

भाऊजींचा आवाज चढला. त्यांना असं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तो माझा प्रांत. "तुझ्या फोटोतला माणूस गेला आणि तू मला सांभाळत बसलीस? इतके दिवस? फोटो कोणाचा आहे, तुझा का माझा?"

शिडीवरून वादळ खाली उतरला. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "मास्तर, माझे प्रिंट वर्षभर काळे होत चाललेत. मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय. लोकांना आवडले. सगळे म्हणाले, याची नवी स्टाइल आली." आणि मांडणीवाली टेपकडे बघत हळूच म्हणाली, की गेले काही महिने ती घरी नेलेल्या प्रिंटवरचे राहिलेले ठिपके स्वतःच भरते. ते सात प्रिंटसुद्धा तिने रात्रभर बसून नीट केले होते.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून गप्प होते. मीसुद्धा त्यातलीच.

भाऊजी एका भिंतीपासून दुसरीकडे गेले, तिसरीकडे गेले. ते तिरके, हललेले रस्ते, त्या शिस्तीत बसलेल्या खोल्या, ती ओसाड मैदानं. तीन माणसांनी एकमेकांशी भांडत केलेलं काम, आणि तिन्हीकडे काळं जरा जास्तच काळं, कारण त्याहून फिकट भाऊजींना दिसतच नव्हतं. एकदा बघितल्यावर मलाही ते दिसायचं थांबेना.

"सगळीकडे मीच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडून भिंग घेतलं आणि मैदानाच्या फोटोपुढे वाकून आपण भरलेली जागा शोधू लागले. सापडेना. मी बघितलं, लांबचीने बघितलं. कोणालाच सापडली नाही. एखाद्या कारागिराला याचा अभिमान वाटला असता. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"काढ तो," ते मला म्हणाले. मी फ्रेम खाली उतरवली. लांबचीने अडवलं नाही. "मला मधलं दिसत नाही," त्यांनी तिघांना सांगितलं, मोठ्याने, वर्गात हजेरी द्यावी तसं. "उजव्याने अजिबात नाही, डाव्याने कमी. हा फोटो परत करू. उजेड मी देईन, वेळ मी मोजेन, ते अजून जमतं. पण तुझ्या फोटोत काळं किती ते तू बघायचंस, आणि ब्रश तूच धरायचा. तुम्ही सगळ्यांनीच. नाही पटलं तर दुसरा बघा. आणि त्याआधी मला डॉक्टरांकडे जायचंय." मग माझ्याकडे वळून, "ताईला आज मी सांगतो. तू मधे बोलू नकोस."

कोणी काही म्हणायच्या आत दार उघडलं आणि पहिला पाहुणा आला. सत्तरीचे गृहस्थ, इस्त्री केलेला शर्ट, हातात छत्री. ते सरळ रिकाम्या खिळ्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अग, मला निदान दाण्याएवढा तरी ठेवायचा," ते लांबचीला म्हणाले. "इथे तर नुसता खिळाच."

"माझे बाबा," ती आम्हाला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "दर वेळी हेच असतात. इतका वेळ उन्हात उभं राहायला दुसरं कोण तयार होणार?"

नऊ वर्षं आम्ही या माणसाला शोधत होतो, आणि तो कोण हे विचारायचं आमच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. भाऊजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, अगदी हातभर अंतरावर. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"जरा बाजूला सरता का?" ते म्हणाले. "समोरचं मला दिसत नाही."

म्हातारे सवयीनेच पाठ न फिरवता मागे जायला लागले. एक पाऊल, दोन पावलं, चार. "इतकं पुरे?" त्यांनी मुलीकडे बघून विचारलं. "का अजून लांब जाऊ?"

"नका हो," भाऊजी म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी त्यांचा दंड घट्ट धरला. "लांब नका जाऊ."